स्वमग्न मूल आणि आपला संघ

पर्युषणाच्या दिवसांत व्याख्यानाला, पूजेला, स्वामिवात्सल्याला सारे कुटुंब एकत्र येते. दुकानाचे शटर खाली असते, शिक्षणासाठी परगावी गेलेली मुलेही घरी आलेली असतात. या भरलेल्या मांडवात काही घरांची माणसे मात्र नेहमी पाळीपाळीने येताना दिसतात. वडील आले तर आई नसते. आई आलीच तर घाईने दर्शन घेऊन, कोणाशी फारसे न बोलता निघून जाते. लग्नात, साखरपुड्यात, यात्रेच्या बसमध्येही तेच. विचारले तर 'घरी जरा काम होते' एवढे उत्तर मिळते. त्या कामाचे वय कधी सहा वर्षांचे असते, कधी सोळा.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा शब्द आता आपल्याकडे अपरिचित राहिलेला नाही. बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा स्वतंत्र विचार सुरू झाला. पुढची दोन दशके मात्र तिचे खापर आईच्या माथी फुटत राहिले. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल स्वतःत मिटते, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत असत. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात ही अवस्था जन्मजात व जैविक आहे, असे साधार मांडले आणि तो आरोप हळूहळू मागे पडला. विज्ञानातून तो गेला. घराघरांतून गेला असे मात्र म्हणवत नाही. आपल्याकडे तो दुसऱ्या वेषात येतो. 'पूर्वजन्मीचे कर्म' हे शब्द अशा आईच्या तोंडावर सहज फेकले जातात. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या आत्म्याकडे पाहण्याचा आरसा आहे. शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याची खिडकी म्हणून त्याचा वापर करण्याची अनुज्ञा कोणत्या आगमात आहे, हे बोलणाऱ्यांनीच सांगावे.

अमेरिकेतील शासकीय यंत्रणेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या भागांत ८ वर्षे वयाच्या ३१ मुलांमागे १ मूल स्वमग्न आढळले. निदानाच्या सोयी वाढल्यामुळेही हा आकडा वाढला आहे, हे लक्षात घ्यावे लागते. आपल्याकडील प्रमाण याहून पुष्कळ कमी धरले, तरी चारशे घरांच्या संघात असे एकही मूल नसेल हे संभवत नाही. ते दिसत नाही, याचा अर्थ ते घरात आहे.

ते घरात का राहते, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या ज्ञानेंद्रियांत असते. २०१३ मध्ये निदानाचे आंतरराष्ट्रीय ख्यातीचे निकष नव्याने लिहिले गेले, तेव्हा ध्वनी, प्रकाश, स्पर्श, गंध यांना अति तीव्र किंवा अति मंद प्रतिसाद देणे, या लक्षणाचा त्यात प्रथमच स्पष्ट समावेश झाला. पालक हे कितीतरी आधीपासून सांगत होते. मिक्सर सुरू होताच कान घट्ट दाबून धरणारे, नव्या सदऱ्याच्या मानेमागची पट्टी कापून टाकल्याखेरीज तो अंगात न घालणारे मूल त्यांनी रोज पाहिलेले होते.

सणाच्या सकाळी मंदिरात काय काय घडते, ते एकदा या मुलाच्या कानांनी ऐकावे. दारातला घंट केव्हा वाजेल याचा नेम नसतो. येणारा प्रत्येक जण तो वाजवतो. आत माईकवर स्नात्रपूजा चाललेली असते, थाळी-डंका आणि ढोलकी साथीला असतात. खाली संगमरवरी फरशी, वर घुमट, त्यामुळे प्रत्येक नाद दोनदा ऐकू येतो. मध्येच तुपाची बोली सुरू होते. आकडे चढत जातात, बोलणाऱ्याचा आवाज चढत जातो आणि शेवटच्या आदेशाला एकदम जयघोष उठतो. धूप, केशर, बरास आणि गर्दीतल्या माणसांची अत्तरे यांचा मिळून एक दाट वास तयार होतो. पक्षालामुळे फरशी ओली असते. अनवाणी पायाला तो थंड ओलावा आपल्याला सुखाचा वाटतो, एखाद्या मुलाला तो सहन होत नाही. अशात कोणी प्रेमाने पुढे होऊन ओल्या बोटाने कपाळी तिलक लावतो, दुसरा गालाला हात लावून नाव विचारतो. यांतली एक गोष्ट तो सोसेल, दोन सोसेल. सातवी गोष्ट घडते तेव्हा तो जमिनीवर अंग टाकून किंचाळू लागतो, आणि पाहणाऱ्यांना फक्त ती सातवी गोष्ट दिसलेली असते.

याला हट्ट म्हणणे ही पहिली गल्लत. हट्ट करणारे मूल समोरच्याकडे लक्ष ठेवून असते. हवे ते मिळाले की थांबते, कोणी पाहत नसले तरीही थांबते. उपचारक ज्याला मेल्टडाउन म्हणतात, त्यात मागणी कसलीच नसते. मेंदूवर आलेला भार सहनशक्तीच्या पलीकडे गेलेला असतो. त्या क्षणी रागावणे, समजावणे, बिस्किट दाखवणे, चारचौघांनी घेरून उभे राहणे यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या भारात भरच घालते. उपयोगी पडते ती मोकळी जागा, मंद प्रकाश, शांतता आणि एकच ओळखीचे माणूस. उलट प्रकारची मुलेही असतात. त्यांना संवेदना कमी पोहोचतात, म्हणून ती शोधत फिरतात. घंट पुन्हा पुन्हा वाजवणारा, गोल गोल फिरणारा, भिंतीवर अंग आपटणारा मुलगा खोडकर असेलच असे नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकते: कान अति तल्लख आणि त्वचा मंद. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी संवेदनांच्या या मेळाचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, आणि आजचे बहुतेक व्यवसायोपचारक त्या पायावर काम करतात.

एका तालुक्याच्या गावातील कापडाच्या ठोक व्यापाऱ्याच्या घरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. घर एकत्र, दोन भावांचे. धाकट्याचा मुलगा स्वमग्न. चौथ्या वर्षी निदान झाले. सातव्या वर्षी एका स्वामिवात्सल्याच्या पंगतीत त्याने ताट उधळले, शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या धोतरावर डाळ सांडली. त्यांनी काही म्हटले नाही, पण पंगतीत कुजबुज झाली. त्यानंतर तीन वर्षे मुलगा संघाच्या कोणत्याही कार्यक्रमात दिसला नाही. थोरल्या भावाच्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. पाहुणे येत त्या दिवशी धाकटी सून मुलाला घेऊन वरच्या माळ्यावर बसे. कोणी तिला तसे सांगितले नव्हते, हे विशेष. संवत्सरीनंतर गावात घरोघर 'मिच्छामि दुक्कडम्' करण्यास लोक जात, ते या घरी दुकानाच्या ओट्यावरूनच क्षमापना करून परतत. मुलगा ओरडतो, त्याला त्रास नको, हा त्यामागचा भाव. सद्भावानेही माणसे किती एकटी पडतात, याचा हा नमुना.

या घरात वाट सापडली ती आजीमुळे. घरात सारे त्यांना बा म्हणतात. बा रोज दुपारी सामायिक घेऊन बसत. सामायिकाचा काळ दोन घडींचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तो मोजायला त्यांच्यापुढे वाळूची जुनी घडी ठेवलेली असे. मुलगा एके दिवशी त्या घडीपुढे येऊन बसला आणि वाळू पडताना पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आला. महिन्याभरात तो बांचे कटासणे अंथरून ठेवू लागला. बोलणे त्याचे दोन-तीन शब्दांपलीकडे नव्हते, पण ४८ मिनिटांपैकी वीस-पंचवीस मिनिटे तो शांत बसे. चरवळ्याच्या लोकरीच्या दशांवरून तो हात फिरवी. उपकरणाची आशातना होते की काय, ही शंका बांना छळू लागली, तेव्हा गावात चातुर्मासासाठी असलेल्या साध्वीजींनी त्याच्यासाठी तसाच लोकरीचा एक वेगळा झुपका करून द्यावा असे सुचवले. प्रश्न मिटला.

उपचारकेंद्रात गेल्यावर आईला कळले की वाळूची घडी हे अशा मुलांसाठी मान्यताप्राप्त साधनच आहे. 'पाच मिनिटे थांब' हे शब्द त्यांना समजत नाहीत, कारण पाच मिनिटे दिसत नाहीत. पडणारी वाळू दिसते. किंबहुना जैन घरातील दिनचर्येत अशा मुलाला मानवणारे पुष्कळ काही आहे, याकडे आपले लक्षच गेलेले नाही. तीच वेळ, तेच आसन, तीच सूत्रे, त्याच क्रमाने. १०८ मण्यांची नवकारवाळी बोटांना काम देते आणि संपणार केव्हा हे हाताला कळते. अनिश्चितता हा ज्या मुलाचा मोठा शत्रू, त्याला ही आखीव चौकट आधार देऊ शकते. तिच्याभोवती आपण उभा केलेला गोंगाट त्याला बाहेर ढकलतो.

मग मंदिराचा प्रश्न आला. वडिलांनी संघाच्या एका विश्वस्तांकडे गोष्ट काढली. विश्वस्त म्हणाले, "भाई, एका मुलासाठी साऱ्या संघाने आवाज कमी करायचा का?" वडिलांनी उत्तर दिले, "कमी करू नका, काका. आवाज कोणत्या वेळी नसतो, तेवढे सांगा." उत्तर सोपे होते. पक्षालाआधी, पहाटे मंदिर उघडल्यापासूनचा पाऊण तास. पुजारी आणि दोन-चार वृद्ध एवढेच त्या वेळी असतात. मुलगा पहिल्या दिवशी फक्त पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला. आठ दिवसांनी रंगमंडपात पोहोचला. वासक्षेपाचा त्याला त्रास होत नाही, तिलकाचा होतो, हे त्या पहाटेच्या फेऱ्यांतच समजले. आता तो तिलक स्वतःच्या बोटाने लावतो. दुसऱ्याने लावलेला स्पर्श अवचित येतो, स्वतःचा स्पर्श माहीत असतो.

सहलीला किंवा यात्रेला निघायचे तर तयारी आधीच्या आठवड्यात सुरू व्हावी. जायचे ठिकाण, गाडी, धर्मशाळेची खोली, जेवणाची जागा, परतीचा रस्ता, यांची छायाचित्रे क्रमाने चिकटवून एक लहान वही करावी आणि ती मुलाला रोज दाखवावी. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा छोट्या समजावणीच्या कथांची पद्धत रूढ केली. चार ओळींत काय घडेल, कोण भेटेल, त्रास झाला तर काय करायचे हे मुलाच्या शब्दांत सांगायचे. पिशवीत कान झाकणारे हेडफोन, ओळखीची चादर, चघळायला किंवा हाताळायला आवडीची वस्तू, पाणी आणि घरचा डबा. एक मोठे माणूस केवळ या मुलासाठी असावे. दर्शन, खरेदी, नातेवाइकांच्या गाठीभेटी यांतले दुसरे कोणतेही काम त्याच्याकडे देऊ नये. परत फिरण्याची वेळ आली तर कोण गाडी काढील आणि कोण बाकीच्यांबरोबर थांबेल, हेही घरीच ठरवून निघावे. आयत्या वेळी रस्त्यावर हा निर्णय घ्यायला लागला की नवरा-बायकोत वाद होतो आणि पुढची सहल वर्षभर लांबते.

ठिकाण निवडण्यातही विवेक हवा. पालिताण्याच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या कार्तिकी पौर्णिमेच्या गर्दीत चढणे हे पहिल्या सहलीचे काम नव्हे. वेरूळचे उदाहरण घ्यावे. ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी उत्तर टोकाला, कैलास लेण्याच्या गर्दीपासून बरीच दूर आहेत. मंगळवारी वेरूळ बंद असते. शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर पोहोचले तर ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत शांतता असते. दगड थंड, प्रकाश मंद, आणि पार्श्वनाथ, वेलींनी वेढलेले बाहुबली, आंब्याच्या झाडाखालची अंबिका यांच्या मूर्ती डोळ्यांना एका जागी स्थिर करणाऱ्या. मात्र आतल्या बाजूस आवाज घुमतो आणि वटवाघळांचा वास असतो. वास न सोसणाऱ्या मुलाला बाहेरच्या अंगणात, एकाश्म स्तंभापाशी बसवून घेतले तरी सहल झालीच. सारे पाहून झालेच पाहिजे हा मोठ्यांचा हट्ट असतो.

आहाराचा भाग आपल्या समाजात अधिक नाजूक आहे. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळजण मोजकेच पदार्थ खातात; रंग, कुरकुरीतपणा, वास जरा बदलला तर उपाशी राहतात. तिथीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर चोविहार, कंदमूळ वर्ज्य. घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. मूल केवळ एकाच प्रकारची खाखरी आणि पिवळी डाळ खात असेल तर त्याच्यासाठी प्रवासात तेच आणि तितकेच न्यावे. यात्रेचा दिवस चव शिकवण्याचा नव्हे. सूर्यास्ताच्या वेळेला तो अजून गाडीत असेल तर काय करायचे, याचा निर्णय आईबापांनी आणि त्यांच्या गुरूंनी मिळून करावा. भोजनशाळेच्या दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंनी त्यात पडू नये. भोजनशाळेने मात्र एक गोष्ट सहज करावी: अशा कुटुंबाला पहिल्या पंगतीच्या पंधरा मिनिटे आधी, भांड्यांचा खणखणाट सुरू होण्यापूर्वी, कोपऱ्यातली जागा द्यावी. खर्च काहीच नाही.

जगात इतरत्र व्यापारी लोकांनीच या बाबतीत पुढाकार घेतला, हे आपल्या वाचकांना रोचक वाटेल. अमेरिकेत एएमसी या चित्रपटगृह-साखळीने २००७ मध्ये असे खेळ सुरू केले, ज्यांत दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात आणि मुलाने उठून फिरले, नाचले तरी कोणी हटकत नाही. इंग्लंडमध्ये मॉरिसन्स या दुकान-साखळीने २०१८ पासून शनिवारी सकाळचा एक तास शांत खरेदीसाठी राखला: संगीत बंद, उद्घोषणा बंद, दिवे मंद. वॉलमार्टने २०२३ मध्ये अमेरिकेतील दुकानांत रोज सकाळी ८ ते १० हीच पद्धत आणली. ॲरिझोनातील मेसा या शहराने २०१९ मध्ये हॉटेल, वस्तुसंग्रहालय, बागा यांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन स्वमग्नतास्नेही शहर असे प्रमाणपत्र मिळवले, आणि त्यात पर्यटनाचा हिशेबही होता. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झालेली सूर्यफुलाची हिरवी गळपट्टी आता अनेक देशांत ओळखली जाते. न दिसणारे अपंगत्व असलेला प्रवासी ती घालतो आणि कर्मचारी न विचारता थोडा अधिक वेळ देतात. बंगळूरच्या विमानतळानेही ती स्वीकारली आहे. त्याच शहरात 'किलिकिली' या पालकांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्थेने सार्वजनिक बागांत सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशा जागा घडवल्या.

आपल्या बाजारपेठांतील कापड, भांडी, किराणा, सराफी यांची कितीतरी दुकाने आपल्याच समाजबांधवांची. आठवड्यातून एक सकाळ, दुकान उघडल्यापासूनचा तास, टीव्ही आणि गाणी बंद ठेवून दारावर तशी पाटी लावता येईल. त्या वेळी गिऱ्हाईक असतेच किती? संघाच्या उपाश्रयात एक खोली व्याख्यानाच्या दिवशी मोकळी ठेवणे, तिथे सतरंजी आणि पंखा असणे, कार्यक्रमपत्रिकेत 'शांत कक्ष उपलब्ध' अशी ओळ छापणे, स्वयंसेवक मंडळातील दोन तरुणांना मूल कोसळते तेव्हा काय करू नये हे शिकवणे, यांना देणगीदार शोधावा लागत नाही. ध्वनिक्षेपकाबाबत तर शासनाचे २००० सालचे नियमच आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आपल्या मांडवातील आवाज एकदा मोबाइलवरील मापकाने मोजून पाहावा, मग वृद्धांना आणि तान्ह्या मुलांनाही तिथे का बसवत नाही ते कळेल.

कागदपत्रांबाबत थोडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर जुन्या करप्रणालीत ७५ हजार रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. आणि जी गोष्ट व्यापारी घरांत हमखास राहून जाते ती ही: मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते; बँका ते ग्राह्य धरतात. प्रमाणपत्र नको म्हणणाऱ्यांचे कारण बहुधा एकच असते, की नोंद झाली तर घरातल्या मुलींच्या लग्नात अडचण येईल. कपाटात कागद नसल्याने मूल बदलत नाही. पुढे वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्श्याचा वाली मात्र उरत नाही.

वर सांगितलेल्या घरातील पुतणीचे लग्न ठरले. पाहुणे आले त्या दिवशी या वेळी मुलगा खालीच होता. बांच्या शेजारी घडी घेऊन बसला होता. होणाऱ्या सासूबाईंनी विचारले, "हा कोण?" मुलगीच म्हणाली, "माझा भाऊ. त्याला बोलायला वेळ लागतो." एवढ्यावर बोलणी पुढे गेली. याआधीचे एक स्थळ मात्र याच कारणाने मोडले होते, हेही नमूद केले पाहिजे.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे, अंगाने थोराड. सात वर्षांच्या मुलाला जी सवलत मिळते ती मिसरूड फुटलेल्याला मिळत नाही, आणि कान दाबून पुढेमागे झुलणाऱ्या उंच मुलापासून लोक दोन पावले दूर सरतात. संघाने गेल्या वर्षी पत्रिकेत पहाटेच्या शांत वेळेची ओळ छापली. ती वाचून आणखी दोन कुटुंबे आली. त्यांच्या घरी अशी मुले आहेत हे गावाला ठाऊकच नव्हते. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला माइक नेहमीइतकाच मोठा होता. ती तिन्ही मुले उपाश्रयाच्या मागच्या खोलीत, दार लोटून, बांसमवेत बसली होती. समोर वाळूच्या चार घड्या ओळीने मांडल्या होत्या, कारण प्रतिक्रमण तीन तासांचे होते.